दोन आणि चारवरची टाळी : आजच्या पॉप संगीताचे सुटे भाग कुठून आले

अलीकडचं कुठलंही इंग्रजी पॉप गाणं लावा आणि एक-दोन-तीन-चार मोजायला लागा. 'एक'वर पोटात जाणवणारा जाड ठोका येतो, तो किक ड्रम. 'दोन' आणि 'चार'वर कोरडा, टचकन वाजणारा ठोका येतो, तो स्नेअर. कधी त्याच्या जागी टाळीचाच आवाज भरलेला असतो. दोन-चारवरच्या या ठोक्याला बॅकबीट म्हणतात. रॉक, सोल, डिस्को, हिप-हॉप, कोरियन पॉप, आपली नाचाची बरीचशी फिल्मी गाणी, सगळीकडे तो सापडतो. युरोपातल्या लष्करी बँडच्या संगीतात मात्र वजन एक आणि तीनवर असतं. केरवा वाजायला लागला की आपलीही टाळी आपोआप समेवर पडते. मग ही दोन-चारची सवय जगाला लावली कोणी?

कृष्णवर्णीयांच्या संगीताचा आजच्या पॉपवर 'प्रभाव' आहे, असं लिहायची पद्धत आहे. हा शब्द फार मवाळ झाला. ठेका, स्वर, गाण्याची बांधणी, रीमिक्सची कल्पना, यंत्रांचा वापर, यातला एकेक भाग सुटा करून पाहिला तर बहुतेकांवर अमेरिकेतल्या किंवा जमैकातल्या एखाद्या कृष्णवर्णीय वस्तीचा पत्ता निघतो. त्यातले काही भाग इथे खोलून पाहू. क्रम कानाच्या सोयीचा ठेवला आहे, त्यामुळे इतिहास थोडा मागेपुढे होईल.

ठेका

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, वाटेत माणसं गोळा करत ते पुढे सरकत होते. उठाव चिरडल्यावर पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठ्या आवाजाची वाद्यं वापरायला बंदी घातली. ढोलावरून निरोप जातात, ही मळेवाल्यांची भीती होती. ढोल गेले, पण ताल अंगावर आला. तळहात, मांड्या, छाती आणि टाचा वापरून दोन-तीन ठेके एकाच वेळी वाजवायच्या प्रकाराला 'पॅटिंग जुबा' म्हणत. पुढे त्याचंच नाव 'हॅम्बोन' पडलं. प्रार्थनेच्या वेळी 'रिंग शाउट' होई. माणसं रिंगण करून घड्याळाच्या उलट दिशेने पाय घासत फिरत, एक जण झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठोका धरी, आणि बाकीचे म्होरक्याच्या ओळीला उत्तर देत मधल्या जागांमध्ये टाळ्या भरत. खाली जाड ठोका आणि वर आडव्या टाळ्या, ही किक-स्नेअरची वाटणी इथेच तयार दिसते. हीच टाळी पुढे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेली.

न्यू ऑर्लिन्स शहर थोडं वेगळं. तिथे रविवारी गुलामांना एकत्र जमता येई, आणि १८१७ च्या एका नगरनियमाने ही जागा एका मैदानापुरती ठरवून दिली. ते मैदान म्हणजे काँगो स्क्वेअर. तिथे ढोल उघडपणे वाजत राहिले. जॅझ याच शहरात जन्मला, आणि बॅकबीटला रेकॉर्डवर पक्कं करणारा ड्रमर अर्ल पामरही इथलाच. जुन्या जॅझ बँडमध्ये ड्रमर दोन-चारवर जोराने मारत, पण गाण्याच्या अगदी शेवटच्या फेरीत, वातावरण तापल्यावर. १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन' या रेकॉर्डवर पामरने तो ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरला. शेवटासाठी राखून ठेवलेली उसळी पहिल्या मात्रेपासूनच सुरू झाली. रॉक अँड रोलचा पाया म्हणतात तो हाच.

नवशिक्याचं चुकतं ते इथे. मोठ्या मैफलीत उत्साही श्रोते एक आणि तीनवर टाळ्या पिटायला लागतात आणि गाणं एकदम जड, कवायतीसारखं वाटायला लागतं. हॅरी कॉनिक ज्युनिअर या न्यू ऑर्लिन्सच्या पियानोवादकाने एकदा असा प्रेक्षकवर्ग समोर असताना एकट्याच्या वादनात गुपचूप एक मात्रा जास्त टाकली. लोक टाळ्या वाजवतच राहिले, फक्त आता त्या दोन-चारवर पडत होत्या. त्याच्या ड्रमरने हात वर करून दाद दिली. घरी सवय करायची तर पाय एक-तीनवर ठेवा आणि हाताने दोन-चार वाजवा. पहिल्या काही मिनिटांत हात पायामागे धावतो. तो धावायचा थांबला की गाडी रुळावर आली.

दुसरी गोष्ट झोलाची, म्हणजे स्विंगची. एका मात्रेचे दोन अर्धे भाग पाश्चात्त्य नोटेशनमध्ये सारखे लिहिले जातात. जॅझवाले पहिला भाग लांबवतात आणि दुसरा उशिरा टाकतात, साधारण दोनास एक या प्रमाणात. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जातं, लय संथ असली की वाढतं. नोटेशन वाचून वाजवणाऱ्याला म्हणूनच स्विंग जमत नाही. ते कागदावर नसतंच. रॉजर लिन या अभियंत्याने ड्रम मशीनमध्ये यासाठी टक्क्यांची सोय केली: ५० म्हणजे दोन्ही भाग सारखे, ६६ म्हणजे पुरता स्विंग. हिप-हॉपमधली बरीचशी जादू ५४ ते ६२ च्या दरम्यान असते. डेट्रॉइटचा जे डिला तर या टक्क्यांनाही पुरला नाही. ठोके यंत्राच्या आखलेल्या घरांत आपोआप बसवणारी सोय तो बऱ्याचदा बंद ठेवी आणि स्नेअर केसभर आधी, किक केसभर उशिरा असं हाताने वाजवी. त्याचं एमपीसी, म्हणजे ठोके आणि आवाजांचे तुकडे वाजवायचं यंत्र, आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलं आहे.

स्वर आणि बारा बार

ब्लूजमधला गंधार ऐका. तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हलता असतो. निषाद आणि पंचम यांचंही तसंच. या स्वरांना ब्लू नोट म्हणतात. श्रुती आणि मींड यांची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लगेच कळतं. अडचण आली ती ठरावीक पट्ट्यांच्या पियानोला. तिथे वादकांनी पळवाट काढली: कोमल आणि शुद्ध गंधार एकमेकांना घासून, जवळजवळ एकदमच वाजवायचे. गिटारवर तार बोटाने ढकलून स्वर वर नेतात, किंवा बाटलीच्या गळ्याचा तुकडा बोटात घालून तारेवरून घसरवतात. रॉकच्या गिटारवादकांची 'तार ताणण्याची' सगळी करामत इथून आली. पेटीवर मात्र ब्लू नोट निघत नाही. तिथे फारतर पियानोची ती पळवाट चालते.

आता बांधणी. चार मात्रांचा एक बार, आणि बारा बारचं एक आवर्तन. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेले तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, लागतात:

सा – सा – सा – सा
म – म – सा – सा
प – म – सा – सा

प्रत्येक अक्षर म्हणजे एक बार. एकूण ४८ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर आवर्तन २४ सेकंदांत संपतं. शब्द तीन ओळींचे: पहिली ओळ गायची, तीच परत गायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ओळ चार बार भरत नाही. ती साधारण दोन-अडीच बारमध्ये संपते आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका बोलते. रिंगणातलं म्होरक्या-आणि-घोळका हे नातं इथे एकटा माणूस गळा आणि वाद्य यांच्यात निभावतो. चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांची १९५० च्या दशकातली कितीतरी गाणी याच बारा बारची आहेत, फक्त लय दुप्पट आणि ड्रमवर बॅकबीट.

बारा हा आकडा सुरुवातीला इतका पक्का नव्हता. मिसिसिपीच्या खेड्यातला एकटा गाणारा माणूस मनाला येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा. साडेअकरा बार झाले काय आणि साडेतेरा झाले काय. जॉन ली हूकर शेवटपर्यंत असाच गायला, आणि त्याच्या मागे वाजवणाऱ्या बँडला कॉर्ड कधी बदलणार हे त्याच्याकडे बघून ताडावं लागे. आकडा पक्का झाला तो बँड आणि छापील नोटेशन आल्यावर. डब्ल्यू. सी. हँडीने 'मेम्फिस ब्लूज' १९१२ मध्ये छापलं. १९२० मध्ये मॅमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड आली आणि धडाक्यात खपली. कृष्णवर्णीय लोक रेकॉर्ड विकत घेतात हे कंपन्यांना तेव्हा उमगलं, आणि त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा वेगळा कप्पा उघडला गेला. बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाने १९४९ मध्ये या कप्प्याच्या खपाच्या यादीचं नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. म्हणजे आज आपण 'आर अँड बी' म्हणतो ती विभागणी मुळात संगीताची नव्हती, गिऱ्हाइकांच्या रंगाची होती.

मग स्थलांतर. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली. अँप्लिफायर ताणला की आवाज फाटतो. तो फाटका आवाजच लोकांना आवडला. त्या रेकॉर्डी इंग्लंडमधल्या पोरांच्या हाती पडल्या, आणि त्यांतल्या काहींनी मडीच्या एका गाण्यावरून आपल्या बँडचं नाव रोलिंग स्टोन्स ठेवलं.

चर्चमधून आलेला आणखी एक भाग गळ्याचा. एका अक्षरावर आठ-दहा स्वर फिरवत नेणं हे गॉस्पेलचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचं, वळण. टॉमस डॉर्सी हा आधी ब्लूजचा पियानोवादक. १९३० च्या दशकात शिकागोत त्याने ब्लूजची धाटणी चर्चमध्ये नेली. १९५४ मध्ये रे चार्ल्सने उलटा प्रवास केला: गॉस्पेलच्या चालीच्या ढंगावर प्रेमगीत बांधलं. धार्मिक मंडळी संतापली, आणि सोल संगीत सुरू झालं. व्हिटनी ह्यूस्टन न्यूअर्कच्या चर्चमध्ये गातच वाढली. आज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कुणी इंग्रजी गाणं घेऊन शेवटच्या अक्षरावर गिरक्या घेतं, तेव्हा ती तालीम मुळात रविवारच्या प्रार्थनेची असते.

बँजोबद्दल दोन ओळी, कारण गैरसमज दुहेरी आहे. अमेरिकन बँजो म्हणजे चामडं ताणलेल्या भोपळ्याला दांडी आणि तारा लावलेल्या पश्चिम आफ्रिकी वाद्यांचा वंशज. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या गोऱ्या नाटकमंडळ्यांनी तो एकोणिसाव्या शतकात उचलला, आणि पुढे तो 'गोऱ्यांच्या' कंट्री संगीताची खूण होऊन बसला. आपल्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीचा 'बँजो' मात्र निराळा. तो कळा असलेला बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानी आहे.

ताजमहाल हॉटेल ते 'अलबेला'

या सगळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड इथेच राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. या बँडमध्ये आणि त्यांच्या शेजारी उभं राहून गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांमुळे त्यांना नोटेशन वाचता येत होतंच. न लिहिलेला स्विंग त्यांनी कानाने उचलला. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ तर चिक चॉकलेट या नावाने 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला जाऊ लागला.

हे वादक दिवसा फिल्मी स्टुडिओत वाजवत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी त्यांना मोकळं रान दिलं. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता, आणि पडद्यावर झालरीच्या बाह्यांच्या शर्टात बँडसकट दिसतोही. त्या चित्रपटातली नाचाची गाणी परत ऐका. ट्रंपेट एक तुकडा टाकतो आणि बाकीचा ताफा त्याला उत्तर देतो, तिथे म्होरक्या आणि घोळका स्पष्ट सापडतो.

ब्रेक

१९६५ च्या सुमाराला जेम्स ब्राउनने सगळ्या बँडलाच ढोल करून टाकलं. गिटार सूर धरत नाही, चक्-चक् असा तालच वाजवते. ट्रंपेट-सॅक्सोफोन एका मात्रेपुरते भुंकून गप्प होतात. सगळे मिळून पहिल्या मात्रेवर आदळतात. तो याला 'द वन' म्हणे. कॉर्ड मिनिटंच्या मिनिटं बदलत नाही. यालाच फंक म्हणतात. कॉर्ड बदलत नाही याचा एक व्यावहारिक परिणाम असा की गाण्यातला कुठलाही तुकडा कापून पुन्हा त्यालाच जोडला तरी सांधा कळत नाही. आणि मध्येच बाकी सगळे थांबून फक्त ड्रम चार-आठ बार वाजतो, तो 'ब्रेक'.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत सिंडी कँबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. नाचणारी पोरं ब्रेकची वाट बघत थांबतात आणि तेवढ्यातच जीव तोडून नाचतात, हे त्याने हेरलं होतं. ब्रेक काही सेकंदांचाच. मग त्याने त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो लांबवत नेला. हिप-हॉपची सुरुवात मानतात ती इथूनच.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघण्यासारखं आहे. समजा ब्रेक चार बारचा, लय मिनिटाला ११०. सोळा मात्रा, म्हणजे पावणेनऊ सेकंद. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेव्हा ब्रेकची लांबी जवळजवळ पाच फेरे. पहिल्या टर्नटेबलवर ब्रेक वाजत असताना दुसरीकडची तीच रेकॉर्ड सुरुवातीच्या जागी बोटाने धरून ठेवायची. खाली चकती फिरतच असते. पहिलीकडचा ब्रेक संपता संपता दुसरी सोडायची आणि मिक्सरची दांडी सरकवायची. आता पहिली रेकॉर्ड पाच फेरे उलटी फिरवून परत सुरुवातीला आणायची. हे सगळं पावणेनऊ सेकंदांत, आणि मग पुन्हा. पार्टीभर.

हर्क सुई डोळ्याच्या अंदाजाने टाकत असे, त्यामुळे सांधा कधी मात्रेवर पडे, कधी चुके. ती चूक दुरुस्त केली ग्रँडमास्टर फ्लॅशने. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर त्याने क्रेयॉनने खूण केली. खूण घड्याळाच्या काट्यासारखी वाचायची आणि किती फेरे मागे न्यायचे ते मोजायचं. हेडफोनमध्ये दुसरी रेकॉर्ड आधी ऐकता यावी म्हणून त्याने बटण जोडून घेतलं. टर्नटेबलावरचा रबराचा मॅट रेकॉर्डला घट्ट धरतो, उलटी फिरवू देत नाही. त्याऐवजी त्याने फेल्टची चकती कापून स्टार्च फवारून इस्त्री केली, म्हणजे रेकॉर्ड घसरते पण चकती चालू राहते. पट्ट्यावर चालणारं टर्नटेबल इथे कुचकामी. बोट सोडल्यावर वेग पकडायला वेळ लागतो आणि आवाज रडत वर चढतो. मोटरवर थेट बसलेली चकती लागते. टेक्निक्सचं एसएल-१२०० डीजेंच्या गळ्यातला ताईत झालं ते यामुळे. सुई उडते ती बहुतेकदा स्पीकरच्या खर्जाने टेबल हादरल्यामुळे, म्हणून टर्नटेबल स्पीकरपासून दूर आणि जड फळीवर ठेवतात.

जमैकाचा हिशेब

हर्क किंग्स्टनमध्ये जन्मला आणि १२ वर्षांचा असताना ब्राँक्सला आला. मोठाले स्पीकर रस्त्यात मांडून नाच करायचा, त्यावर माइक घेऊन तालात बोलायचं, ही पद्धत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची. तिथे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायकाविना 'व्हर्जन' असे. किंग टबी हा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याने मिक्सिंगच्या टेबलावर बसून गाण्यातला एकेक भाग काढायला-घालायला सुरुवात केली: गळा मध्येच गायब, ड्रमवर प्रतिध्वनी, मग नुसता बास. याला डब म्हणतात. आज ज्याला रीमिक्स म्हणतात त्याची कल्पना इथली. रेगेचा ठेकाही ध्यानात घ्या. 'एक'ची जागा रिकामी असते, किक आणि स्नेअर दोन्ही 'तीन'वर पडतात, आणि गिटार 'दोन' आणि 'चार'वर टोचत राहते.

एकच ताल घेऊन त्यावर डझनावारी गायकांनी वेगवेगळी गाणी करायची, हीदेखील जमैकाची रीत. त्या तालाला 'रिडिम' म्हणतात. १९८५ चा स्लेंग टेंग रिडिम कॅसिओच्या एमटी-४० या स्वस्त की-बोर्डमधल्या तयार 'रॉक' ठेक्यावर उभा आहे. तो ठेका घालणारी कॅसिओची तरुण अभियंती ओकुडा हिरोको स्वतः रेगेची चाहती होती. किंग्स्टनचा सूर तोक्योमार्गे खेळण्यातल्या वाटाव्या अशा यंत्रात बसून परत किंग्स्टनला आला.

टाकाऊ यंत्रं

१२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये निषेध म्हणून डिस्कोच्या रेकॉर्डी पेटीत भरून सुरुंगाने उडवल्या. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्कोशी संबंध नसलेल्या, फक्त कृष्णवर्णीय कलाकारांच्याही पुष्कळ होत्या, असं तिथे पोरवयात काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्सने पुढे सांगितलं. त्याच शहरातल्या वेअरहाउस या क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोच लावत होता, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी श्रोत्यांसाठी. त्या क्लबाच्या नावावरून 'हाउस' हे नाव आलं. आणि १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर हाउसची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड केली ती याच लॉरेन्सने.

हाउसचा सांगाडा सोपा आहे: मिनिटाला १२० च्या आसपास लय, चारही मात्रांवर किक, मधल्या जागांत हाय-हॅट (ड्रमच्या संचातली झांजांची जोडी), दोन-चारवर टाळी. हे करायला वादक परवडत नव्हते, म्हणून जुन्या बाजारातली यंत्रं घेतली. रोलंड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ हे बास गिटारच्या जागी वाजेल म्हणून काढलं होतं. ते बास गिटारसारखं अजिबात वाजत नसे आणि पडून राहिलं. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने ते वाजत असताना त्याची बटणं पिळून पाहिली आणि चिरकणारा, वळवळणारा 'ॲसिड' आवाज निघाला. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन यांनी याच सुमारास टेक्नो उभं केलं. युरोपच्या उत्सवांत आज लाखोंनी गर्दी खेचणाऱ्या या संगीताचे जनक कोण, हे तिथल्या अनेक नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं.

रोलंडच्याच टीआर-८०८ या ड्रम मशीनचीही गत तीच. १९८० ते १९८३ मध्ये सुमारे १२,००० नग विकले गेले आणि उत्पादन बंद. त्याची किक खऱ्या ड्रमसारखी नव्हती, पण 'डिके'चं बटण पूर्ण फिरवलं की ठोका लांब, घुमणाऱ्या खर्जात बदलतो. अटलांटाच्या ट्रॅप संगीतात हा खर्ज स्वरात मिळवून बासची ओळच त्यावर वाजवतात, वर हाय-हॅटच्या तडतडत्या लडी. मोबाइलच्या स्पीकरवर हे गाणं पोकळ का वाटतं, तर तो खर्ज इतका खाली असतो की छोटा स्पीकर तो काढूच शकत नाही. मोजतानाही गल्लत होते. ॲप लय १४० दाखवतं, पण मान ७० ने हलते. १४० ने मोजलं तर स्नेअर 'तीन'वर सापडतो. ७० ने मोजा, तो दोन-चारवर येतो.

पैसे कोणाला

'दॅट्स ऑल राइट' हे गाणं आर्थर क्रुडपने १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं. १९५४ मध्ये ते एल्व्हिस प्रेस्लीचं पहिलं सिंगल झालं. क्रुडप जन्मभर रॉयल्टीसाठी भांडत राहिला. कायद्याची रचनाच अशी की गाण्याचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या, बहुतेकदा प्रकाशकाच्या नावावर, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीच्या नावावर. गाण्याचा ढंग, ठेका, गळ्याची तऱ्हा यांना हक्कच नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे रचनाकाराला मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आजही मिळत नाहीत.

ड्रमरची स्थिती सर्वांत वाईट. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला ब्रेक क्लाइड स्टबलफील्डने वाजवला. तो हजाराहून जास्त गाण्यांत कापून वापरला गेला, पण तो ठरला रोजंदारीचा वादक, त्यामुळे त्या वापराची रॉयल्टी त्याला नाही. द विन्स्टन्स बँडच्या १९६९ मधल्या 'आमेन, ब्रदर'मधला चार बारचा, सहा-सात सेकंदांचा ब्रेक हिप-हॉपपासून इंग्लंडच्या जंगल संगीतापर्यंत पसरला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. ते कायद्याने मिळालेले नव्हते.

१९९१ च्या एका न्यूयॉर्क निकालानंतर न विचारता तुकडा उचलणं महाग पडायला लागलं. आता तुकडा वापरायचा तर दोन परवाने लागतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि एक रचनेचा. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला तर पहिला लागत नाही. दुसरा मात्र चुकत नाही. यात निर्मात्यांची शिस्त वाढली, पण पैसे जातात ते हक्क ज्याच्या कपाटात आहेत त्याच्याकडे.

नुसत्या ठेक्याचा हक्क सांगता येतो का, यावर लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा उभा राहिला. जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या १९८९ च्या 'फिश मार्केट' या वाद्यरचनेतला ठेका रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नाचसंगीताच्या शेकडो गाण्यांत आहे, असं म्हणत क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीचे वारस यांनी २०२१ मध्ये तो लावला. पुढे प्रतिवाद्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेटाळून लावायला नकार दिला. माझ्या मते दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. ठेका कुणाच्याच मालकीचा नाही म्हटलं तर गिटारवादक बो डिडलीसारखं होतं: हॅम्बोनच्या अंगावरच्या तालातून त्याने १९५५ मध्ये गिटारचा जो ठेका बांधला, त्यावर रॉकवाल्यांनी वर्षानुवर्षं गाणी केली आणि त्याला त्याचे पैसे काही मिळाले नाहीत. आणि ठेक्याला मालक मिळाला, तर किंग्स्टनमध्ये एका रिडिमवर डझनभर गायक ज्या मोकळेपणाने उभे राहतात, तो मोकळेपणाच आधी परवाना मागायला लागेल.